नंबर १३७

जमिनीवर प्लॉटांचा ले-आऊट पडायच्या आधी तिथली झाडं मोजायची, हे माझं काम. जानेवारी संपत आला होता. नागपुरातल्या जयताळ्याच्या कडेची पडीक जमीन. आमचं माप ठरलेलं: खोडाची जाडी आणि उंची पुरेशी भरली तर ते झाड, नाही तर झुडूप. झाडाला परवानगी लागते, झुडपाला जेसीबी पुरतो.

बाभळी, हिवर, बोरी, कळ्या धरलेले पळस भराभर झाले. १३६ नंतर एक हिरवा काटेरी गुंता आला. टेप घालायला हात शिरेना. सुपरवायझर सावलीतूनच ओरडले, "मॅडम, काटेरी झुडूप लिहा न, चला पुढे."

मी लिहिलंही. खोटं कशाला सांगू.

बांधावर एक आजी शेळ्या राखत बसली होती. "काऊन वं बाई, झुडूप काहाचं? हिंगण होय थो!"

हिंगणबेट मी एमएस्सीला शिकले होते, कागदावर चिकटवलेल्या वाळक्या फांदीवरून. शाकुंतलात हरणाच्या तोंडाला दर्भ रुतल्यावर शकुंतला इंगुदीचं तेल लावते. ती इंगुदी म्हणजे हीच असं मानतात, तेही पाठ होतं. जिवंत समोर आली तर ओळखली नाही! पळसाला पानं तीन, तशी हिला दोन-दोन. बोटभर काटेसुद्धा हिरवेगार.

आजीनं खाली पडलेलं खारकेएवढं फळ उचललं, वरची साल काढली आणि माझ्या बाटलीतलं पाणी घेऊन चिकट गर तळव्यावर चोळला. बघता बघता फेस. मग माझा घामट रुमाल मागून घेतला. "सासूचं रेशमी लुगडं आमी यानंच धुवो. पोट्टे आठी कोरून दारू भरत अन् फटाके फोडत." नाल्यात गर ठेचून टाकला की मासे गुंगून वर येत, हे सांगताना तिनं आवाज उगीचच खाली घेतला.

पुन्हा टेप घेऊन वाकले, तर डोळ्यांसमोरच्या काट्यावर सरड्याचं पिल्लू टोचलेलं. काटा मानेतून आरपार, शेपूट अजून लवचीक.

"खाटकाचं दुकान," आजी म्हणाली.

दुकानदार, म्हणजे खाटीक पक्षी, वीस पावलांवर तारेवर बसला होता, डोळ्यांवर काळी पट्टी. घारीसारखा जोर याच्या पायांत नाही. म्हणून शिकार काट्याला अडकवायची आणि चोचीनं फाडायची. उरलं तर तिथंच टांगलेलं.

सर्वांत जाड खोड ११ सेंमी भरलं, उंची साडेतीन मीटर. मी 'झुडूप' खोडून 'हिंगणबेट' लिहिलं. सुपरवायझरनी खाडाखोड पाहून कपाळाला हात लावला. "फॉर्म परत भरा आता." भरला. फॉर्मात फळझाड आणि फुलझाड एवढेच रकाने होते. साबण, फटाका मी समासात घातलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी रंगाचा डबा घेऊन नंबर टाकायला गेले. सरडा नव्हता. त्याच काट्यावर नाकतोडा लटकत होता, एक पाय हलत होता.