सीक्रेट अपडेट करताना आधी जुनं वाचून घ्या

परवा रात्री टेस्टच्या डेटाबेसचा पासवर्ड बदलायचा होता. आमच्याकडे युजरनेम, पासवर्ड, होस्ट (म्हणजे डेटाबेसच्या सर्व्हरचा पत्ता), पोर्ट सगळं एडब्ल्यूएस या अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडमधल्या सीक्रेट्स मॅनेजरमध्ये, म्हणजे पासवर्डसारखी गुपितं (सीक्रेट) सांभाळणाऱ्या सेवेत, एकाच जेसनमध्ये (की म्हणजे नाव आणि त्याची व्हॅल्यू अशा जोड्यांच्या मजकुरात) ठेवलेलं असतं. डेटाबेसमध्ये पासवर्ड बदलला, मग पायथनमध्ये छोटी स्क्रिप्ट लिहिली, बोटो-थ्री या एडब्ल्यूएसच्या पायथन लायब्ररीतला, सीक्रेटची नवी व्हॅल्यू लिहिणारा पुट सीक्रेट व्हॅल्यू कॉल मारला आणि त्यात फक्त नवा पासवर्ड दिला. कॉल गेला, एरर नाही. अ‍ॅप रिस्टार्ट केलं तर ते उठेचना, लॉगमध्ये होस्ट सापडत नाही म्हणून बोंब.

झालं असं की सीक्रेट्स मॅनेजरला तुमच्या जेसनच्या आत काय आहे याच्याशी देणंघेणं नसतं, त्याच्या लेखी ती एक अख्खी स्ट्रिंग, जास्तीत जास्त ६५,५३६ बाइटची. पुट केलं की नवं व्हर्जन बनतं आणि तेच चालू होतं, ‘एक की बदल आणि बाकीच्या कीज तशाच ठेव’ असा प्रकार तिथे नाही. म्हणजे माझं होस्ट, पोर्ट, युजरनेम सगळं मीच उडवलं होतं.

जुनं व्हर्जन लगेच जात नाही हे माहीत होतं. चालू असलेल्याला एडब्ल्यूएस-करंट हे लेबल असतं आणि त्याच्या आधीच्याला एडब्ल्यूएस-प्रीव्हियस. तर म्हटलं प्रीव्हियस मागवू, आणि तेही अर्धवटच निघालं! कारण पहिल्यांदा गेलं की नाही याची खात्री नव्हती म्हणून मी स्क्रिप्ट दोनदा चालवली होती, त्यामुळे करंटही मोडकं आणि प्रीव्हियसही मोडकं, खरं चांगलं व्हर्जन लेबलाशिवाय मागे पडलेलं. इथे घाम फुटला. पण लिस्ट सीक्रेट व्हर्जन आयडीज नावाचा कॉल आहे, त्याला इन्क्लूड डेप्रिकेटेड ट्रू दिलं की लेबल नसलेली व्हर्जनंही दिसतात, तिथून आयडी उचलला, त्या आयडीने व्हॅल्यू वाचली आणि जीव भांड्यात पडला. मात्र ही व्हर्जनं कायमची राहतील असं धरू नका, संख्या १०० च्या वर गेली की २४ तासांपेक्षा जुनी बिनलेबलाची काढून टाकली जातात.

आता मी आधी गेट करतो, म्हणजे चालू सीक्रेट वाचून घेतो, जेसन उघडतो, त्यातली हवी तेवढीच की बदलतो, जुन्या आणि नव्या कीजची नावं जुळतात का बघतो आणि मगच पुट. लॉगमध्ये फक्त कीजची नावं छापायची, व्हॅल्यू कधीच नाही, हे मनापासून सांगतो कारण डीबगच्या घाईत प्रिंट टाकलं जातं आणि मग ते लॉगमध्ये राहून जातं. यातही एक भोक उरतंच, दोघांनी एकाच वेळी वाचून लिहिलं तर एकाचा बदल गायब. म्हणून वेगवेगळ्या वेळी बदलणाऱ्या गोष्टी वेगळ्या सीक्रेटमध्ये ठेवाव्यात असं माझं मत झालंय, एका सीक्रेटला महिन्याला ०.४० डॉलर पडतात, तेवढे द्यावेत.

वाचण्याचेही पैसे आहेत, १०,००० कॉलला ०.०५ डॉलर, शिवाय प्रत्येक रिक्वेस्टला कॉल मारला तर अ‍ॅप उगाच हळू होतं, त्यामुळे कॅश, म्हणजे एकदा वाचलेली व्हॅल्यू काही काळ अ‍ॅपमध्येच जपून ठेवण्याची सोय, लागतेच. पायथनची जी कॅशिंग लायब्ररी आहे ती ठरवून न दिल्यास तासाभराने रिफ्रेश करते, म्हणजे पासवर्ड बदलल्यावर अ‍ॅप तासभर जुनाच वापरत बसू शकतं. डेटाबेसने लॉगिन नाकारलं की एकदा सीक्रेट ताजं आणून परत प्रयत्न करायचा, हा कोड आम्ही काल टाकला.

आणि अ‍ॅपच्या रोलला (एडब्ल्यूएसमध्ये कोणाला काय करता येईल हे ठरवणारी ओळख) आता फक्त वाचायची परवानगी ठेवलीय. लिहायची परवानगी वेगळ्या रोलला, जो फक्त ती स्क्रिप्ट वापरते, आणि स्क्रिप्टमध्ये एकही की कमी निघाली तर ती पुट न करता थांबते.