माळवद पाडू की ठेवू?

तुम्ही विचारलंत म्हणून सविस्तर सांगतो. लातूर, धाराशिव, बीडकडून हा प्रश्न सतत येतो. घर पणजोबांच्या काळातलं, भिंती दगड-मातीच्या, वर माळवद, म्हणजे लाकडी तुळया-फळ्यांवर मातीचा जाड थर दिलेलं सपाट छत. इंजिनिअर म्हणतात पाडा. सुतार म्हणतो, सागवान आहे, हात लावू नका. मुलं म्हणतात, माळवद काढून स्लॅब टाकू. ऐकायचं कुणाचं?

तिघंही आपापल्या कामापुरते बरोबर आहेत. पण कुणा एकाचंच ऐकून काम केलं तर घर आधीपेक्षा धोकादायक होतं. त्यातही तिसरा पर्याय सगळ्यात वाईट आहे, आणि आज तोच सगळ्यात जास्त वापरला जातो.

मनातली भीती लातूर जिल्ह्यातल्या किल्लारीच्या भूकंपाची आहे आणि ती खरी आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जनानंतर गाव गाढ झोपलेलं असताना भूकंप झाला आणि सुमारे आठ हजार माणसं गेली. भूकंप सहा रिश्टरच्या थोडा वरचा होता. जगात या तीव्रतेच्या भूकंपांत एवढी माणसं सहसा दगावत नाहीत. इथे माणसं गेली ती भिंतीखाली आणि छतावरून कोसळलेल्या मातीखाली. पण अनेक घरांत भिंती पार ढासळल्या तरी लाकडी खांब आणि तुळया उभ्याच राहिल्या. पुढचं सगळं उत्तर या एका गोष्टीतून निघतं.

जुनी भिंत अडीच-तीन फूट जाड दिसते, पण ती एक भिंत नसते. बाहेरून एक थर, आतून एक थर आणि मधे माती-कपच्यांची भर, अशा त्या दोन भिंती असतात. दोन्ही थरांना आरपार शिवणारे लांब दगड गवंड्याने घातले नसतील, तर जमीन हलली की थर एकमेकांपासून सुटतात, पोट फुगतं आणि बाहेरचा थर अंगणात, आतला अंथरुणावर येतो. अशा भिंतीत जाडी म्हणजे ताकद नव्हे. आता नव्याने बांधायची तर जाडी ४५ सेंटिमीटरपेक्षा जास्त नको, आणि आरपार दगड उंचीत दर ६० सेंटिमीटरला व लांबीत फार तर १.२ मीटरवर हवेत.

माळवदाचं वजन मात्र सहसा या भिंतीवर नसतं. ते तुळयांवरून खांबांवर आणि खांबांवरून तळखड्यांवर, म्हणजे खांबांखालच्या दगडांवर, उतरतं. भिंत फक्त आडोसा करते. सुताराचं म्हणणं इथे खरं ठरतं. स्लॅब टाकणारे हेच विसरतात. स्लॅब माळवदापेक्षा हलका असतो, पण खांब काढून तो थेट भिंतीवर टेकवला की जिने कधीच ओझं वाहिलं नाही त्या मातीच्या भिंतीवर सगळा भार येतो, आणि स्लॅब तिला कशानेही बांधलेला नसतो.

आता माळवदाच्या मातीचा हिशोब. दर वर्षी पावसाळ्याआधी गळती थांबवायला पांढऱ्या मातीचा नवा थर टाकायचा, हा रिवाज. पांढरी माती काळ्या मातीसारखी भेगाळत नाही, म्हणून ती निवडली. पण जुना थर कुणी काढत नाही. पिढ्या गेल्या आणि फूटभराचं छत दोन फुटांचं झालं. घनमीटरला दीड ते पावणेदोन टन धरा. अर्धा मीटर माती म्हणजे चौरस मीटरला आठशे किलोच्या आसपास. तीन बाय चार मीटरच्या एका खोलीवर साडेनऊ-दहा टन! किती थर पडले हे कुठल्या नकाशात सापडत नाही, ते घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारावं लागतं. साण्याच्या, म्हणजे छतात उजेडासाठी ठेवलेल्या भोकाच्या, काठाशी पट्टी धरली की आकडा कळतो.

‘माती काढली तर घर तापेल’ ही शंकाही येते. दिवसाची उष्णता कोरड्या मातीत खोल जाताना झपाट्याने विरते. वीस सेंटिमीटर खाली तिचा चढउतार पाव हिश्शाहूनही कमी उरतो. त्याहून जादा थरांनी गारवा फारसा वाढत नाही, ओझं मात्र वाढतं.

कामाला हात लावण्याआधी वर्षभर घराकडे बघा, हे आम्ही आग्रहाने सांगतो. भेगेवर काचेची पट्टी गिलाव्याने चिकटवा आणि तारीख लिहा. भेग उन्हाळ्यात रुंदावून पावसाळ्यात मिटत असेल, तर दोष बहुधा पायाखालच्या काळ्या मातीत आहे, ती ओलीने फुगते आणि वाळली की आकसते. तिथे भिंत दुरुस्त करून उपयोग नाही. आधी जोत्याभोवतीचं पाणी वळवा, पन्हाळी भिंतीपासून लांब पाणी टाकतात का ते पाहा. भेग दोन्ही ऋतूंत वाढतच असेल तर मात्र स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा, तेही दगड-मातीचं काम केलेल्याला. भिंत हातोडीच्या दांड्याने ठोका. बद्द आवाज येईल तिथे थर सुटलेले आहेत. ओळंब्याने पोट मोजा. खांबाच्या तळाशी आणि तुळईच्या भिंतीत शिरलेल्या टोकाशी दाभण टोचा. सहज आत गेलं तर वाळवी किंवा कूज आहे.

दुरुस्ती वरून खाली करायची, आणि उन्हाळ्यातच. तुळयांना खालून टेकू द्या. माती वीतभराच्या थराने, सगळ्या छतावर सारखी उतरवा. एकच बाजू रिकामी केली तर सांधे पिळवटतात. वीस सेंटिमीटर उरली की थांबा. मग सुताराचं काम. खांब-तुळईच्या कोनात तिरपे आधार आणि सांध्यांना लोखंडी पट्ट्या. माळवदाच्या सांगाड्यात हे तिरपे आधार नसतात, ही त्याची खरी उणीव. कुजलेला खांब सबंध बदलू नका. खालचा भाग कापून जाडीच्या तिप्पट लांबीच्या तिरप्या सांध्याने नवा तुकडा जोडा.

त्यानंतर भिंत. पोट आलेला भाग ढकलून सरळ करायचा प्रयत्न करू नका, तीन-चार फुटांच्या टप्प्यात उतरवून पुन्हा बांधा. उरलेल्या भिंतीत एकेक दगड हलकेच सोडवत साडेसात सेंटिमीटरचं आरपार भोक करायचं, दोन्ही टोकांना आकडा वळवलेली आठ मिलिमीटरची सळई ठेवायची आणि काँक्रीट भरायचं. दारं-खिडक्यांच्या वर आतून-बाहेरून जाळी लावून सिमेंटचा अरुंद पट्टा घरभर फिरवायचा, दोन्ही पट्टे आरपार जोडायचे आणि कोपऱ्यात अखंड ठेवायचे. सिमेंट इथे एवढंच. सगळ्या भिंतीला सिमेंटचा गिलावा केला तर जमिनीतून चढलेली ओल आत कोंडते, माती मऊ पडते आणि बाहेरून टणक दिसणारी भिंत आतून लोणी होते. दरजा, म्हणजे दगडांमधल्या फटी, चुन्यानेच भरा, एक भाग चुना आणि तीन भाग वाळू.

शेवटी छतावर प्लास्टिकचा जाड कागद उताराने पसरून, वर पाच-सात सेंटिमीटर पांढरी माती चोपा. ती वीस सेंटिमीटरमध्येच बसवायची, म्हणजे खालचा थर तेवढा आधीच उतरवायचा. साण्याच्या काठावर, फळीच्या वरच्या कडेपासून वीस सेंटिमीटरवर खूण कोरून ठेवा. पुढच्या मृगाआधी माती टाकायला जो कोणी वर चढेल, त्याने आधी त्या खुणेपर्यंत जुनी माती खरवडून काढायची.