एक्झोलॉन : एका वेळी एकच स्क्रीन

झेडएक्स स्पेक्ट्रम या ब्रिटिश होम कॉम्प्युटरवर १९८७ साली आलेला ‘एक्झोलॉन’ हा प्लॅटफॉर्म शूटर, म्हणजे उड्या मारत गोळीबार करायचा गेम, मी सध्या नव्याने खेळतो आहे. राफाएले चेक्को यांनी तो लिहिला आणि ह्युसन कन्सल्टंट्स या कंपनीने तो प्रकाशित केला. जुन्या गेमकडे परतल्यावर बहुतेक वेळा आठवणीतला गेम मोठा वाटतो आणि समोरचा लहान निघतो. एक्झोलॉनच्या बाबतीत मला उलट अनुभव आला. लहानपणी केवळ गोळीबार आणि स्फोट म्हणून जे पाहिले होते, त्यामागची शिस्त आता दिसू लागली आहे. या गेममध्ये यंत्राची प्रत्येक मर्यादा खेळाचा नियम होऊन आली आहे, आणि त्यामुळेच तो आजही नेटका वाटतो.

गेमची कल्पना साधी आहे. अंतराळवीराच्या पोशाखातील व्हिटॉर्क नावाचा नायक एका परग्रहावर डावीकडून उजवीकडे चालत जातो. तो उडी मारतो, खाली वाकतो, हातातील ब्लास्टरने गोळ्या झाडतो आणि पाठीवरच्या संचातून ग्रेनेड फेकतो. उजव्या कडेला पोहोचला की पुढची स्क्रीन येते. अशा पंचवीस स्क्रीन मिळून एक लेव्हल होते आणि अशा पाच लेव्हल्स आहेत, म्हणजे एकूण १२५ स्क्रीन. त्यांपैकी एकही स्क्रोल होत नाही, म्हणजे सरकत नाही. नायक चालत असताना मागचे दृश्य जागेवर स्थिर असते.

ही स्थिरता कुठून आली, हे समजण्यासाठी स्पेक्ट्रमच्या आत थोडे डोकावावे लागते. १९८२ साली आलेल्या या संगणकात झेड८०ए प्रोसेसर ३.५ मेगाहर्ट्झ वेगाने चालत असे. स्प्राइट (पडद्यावर फिरणारी पात्रे व वस्तूंची छोटी चित्रे) हलवणारे किंवा दृश्य सरकवणारे वेगळे हार्डवेअर त्यात नव्हते. त्याच वर्षी आलेल्या कमोडोर ६४ मध्ये व्हिक-टू नावाची चिप आठ स्प्राइट आणि मृदू स्क्रोलिंग स्वतः सांभाळत असे. स्पेक्ट्रममध्ये मात्र प्रत्येक ठिपका प्रोसेसरलाच हलवावा लागे. पूर्ण स्क्रीनची माहिती ६,९१२ बाइट इतकी असते. झेड८०च्या नेहमीच्या कॉपी-सूचनेला एका बाइटसाठी घड्याळाचे २१ ठोके लागतात, म्हणजे केवळ एक पूर्ण स्क्रीन एका जागेवरून दुसऱ्या जागी नेण्यासाठी १,४५,१५२ ठोके खर्च होतात. दूरचित्रवाणी संचावर चित्र सेकंदाला पन्नास वेळा उमटते आणि अशा दोन चित्रांच्या दरम्यान ४८के मॉडेलच्या (४८ किलोबाइट मेमरी असलेल्या स्पेक्ट्रमच्या) प्रोसेसरला अवघे ६९,८८८ ठोके मिळतात. म्हणजे शत्रू, गोळ्या, उडी, टक्कर यांपैकी कशाचाही विचार करण्याआधीच दोन चित्रांपेक्षा अधिक वेळ संपलेला असतो. स्टॅकचा (प्रोसेसरच्या तात्पुरत्या साठवणीच्या जागेचा) वापर करून हा खर्च निम्म्यावर आणण्याच्या युक्त्या प्रोग्रामरना ठाऊक होत्या, पण तरीही पूर्ण स्क्रीन सरकवणारे गेम या यंत्रावर बहुधा अडखळत चालत किंवा खेळाची खिडकी लहान करून घेत.

दृश्य स्थिर ठेवले की हा सगळा वेळ मोकळा होतो, आणि एक्झोलॉनमध्ये तो कुठे खर्च झाला आहे ते उघड दिसते. नायकाची चाल सलग आहे, गोळी बटण दाबताक्षणी सुटते, आणि ग्रेनेड एखाद्या मोठ्या यंत्रावर आदळला की रंगीत तुकड्यांचे कारंजे उडून खाली कोसळते. या स्फोटांचे कौतुक मला आजही वाटते. स्थिर दृश्यात एवढी एकच गोष्ट उसळते, त्यामुळे तिचा परिणाम दुप्पट होतो.

रंगांची गोष्ट याहून मोलाची आहे. स्पेक्ट्रमची स्क्रीन २५६ गुणिले १९२ ठिपक्यांची असली, तरी रंग ठिपक्यांना मिळत नसून आठ गुणिले आठ ठिपक्यांच्या चौकटीला मिळतो, आणि एका चौकटीत फक्त दोनच रंग राहू शकतात. अशा ७६८ चौकटी आहेत. हलणारे पात्र एखाद्या रंगीत वस्तूवरून गेले की दोघांचे रंग एकमेकांत मिसळून चौकोनी डाग पडतात. हा दोष त्या काळातील असंख्य गेममध्ये दिसतो. अनेक प्रोग्रामरनी यावर उपाय म्हणून सारा खेळच एकरंगी करून टाकला. चेक्को यांनी तसे केले नाही. त्यांनी पार्श्वभूमी काळी ठेवली आणि खडक, खांब, तोफा, विचित्र वनस्पती अशा सगळ्या वस्तू चौकटींच्या मापात बसवून त्यांना झगझगीत रंग दिले. इम्युलेटरमध्ये (जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्राममध्ये) गेम थांबवून, स्क्रीन मोठी करून पाहिली, तर प्रत्येक वस्तूची कड चौकटीच्या रेषेशी किती काटेकोर जुळते ते कळते. हे काम कलेचे आहे तितकेच मोजमापाचे आहे.

यंत्राच्या स्मृतीचा (मेमरीचा) हिशेबही असाच बोलका आहे. ४८के यंत्रातील ४९,१५२ बाइटमधून स्क्रीनची जागा वजा केली की ४२,२४० बाइट उरतात. १२५ स्क्रीन चित्र म्हणून साठवायच्या, तर साडेआठ लाखांहून अधिक बाइट लागले असते. उरलेली सगळी जागा केवळ स्क्रीनसाठी वापरली, प्रोग्रामला एकही बाइट दिला नाही, तरी प्रत्येकीच्या वाट्याला जेमतेम ३३८ बाइट आले असते. त्यामुळे तेच खडक, त्याच तोफा, तेच खांब पुन्हा पुन्हा येतात. बदलते ती त्यांची मांडणी. मात्र मांडणीत जीव असेल तर पुनरावृत्ती खटकत नाही. एखादी तोफ जमिनीवर असते तेव्हा ती ग्रेनेडने उडवता येते, आणि तीच तोफ उंच चौथऱ्यावर बसवली की ग्रेनेड कुठून फेकायचा, हा वेगळाच प्रश्न उभा राहतो. काही ठिकाणी टेलिपोर्टच्या दोन खोल्या असतात आणि वरच्या मार्गाने जायचे की खालच्या, हे आत शिरण्यापूर्वीच ठरवावे लागते. उजवीकडून लहान उडत्या वस्तूंचे थवे येतच असतात, त्यामुळे विचार करायला निवांत वेळ मिळत नाही. आरंभीच्या काही स्क्रीन मात्र सारख्याच वाटतात, हेही नमूद केले पाहिजे.

शस्त्रांची विभागणी मला विशेष आवडते. ब्लास्टर उडत्या शत्रूंसाठी आणि ग्रेनेड वाटेतील मोठ्या अडथळ्यांसाठी आहे, आणि दोन्हींचा साठा मर्यादित आहे. साठा भरून देणाऱ्या वस्तू वाटेत ठेवलेल्या असतात, पण पुढची कधी मिळेल याची खात्री नसते. त्यामुळे बटण दाबून धरण्याची सवय मोडते आणि खेळणारा नेम धरायला शिकतो.

यातच एक्झोस्केलेटनचा प्रसंग येतो. ठरावीक जागी उभ्या असलेल्या कक्षात शिरले की नायकाला यांत्रिक चिलखत मिळते. त्याने बंदुकीतून दुहेरी मारा होतो आणि जमिनीतील सुरुंगांपासून संरक्षण मिळते. परंतु चिलखत न घालता लेव्हल पूर्ण केली, तर शेवटी शौर्याबद्दल वेगळे गुण मिळतात. मदत नाकारण्याचे बक्षीस देणारा हा नियम मला आजच्या अनेक गेममधील कठीण-सोप्या पातळ्यांच्या यादीपेक्षा अधिक प्रामाणिक वाटतो. येथे आधी काही निवडायचे नसते. कक्ष समोर उभा असतो, त्याच्या शेजारून चालत पुढे जायचे की आत शिरायचे, एवढेच ठरवायचे असते.

हा गेम आज खेळता येतो, याचे श्रेय त्या काळी गेम ज्यांवर येत त्या कॅसेट जपून ठेवणाऱ्या लोकांना आहे. स्पेक्ट्रमच्या कॅसेटवर शून्य आणि एक हे ध्वनीच्या छोट्या-मोठ्या स्पंदांच्या रूपात असत: नेहमीच्या पद्धतीत शून्याचा स्पंद ८५५ ठोक्यांचा आणि एकाचा बरोबर त्याच्या दुप्पट, १,७१० ठोक्यांचा. फीत जुनी झाली की हा फरक अस्पष्ट होतो आणि लोडिंग मध्येच तुटते. कॅसेटची प्रत आजच्या संगणकावर ठेवताना टॅप प्रकारच्या फाइलमध्ये केवळ बाइट साठवले जातात, तर टीझेडएक्स प्रकारात स्पंदांची लांबीही नोंदवलेली असते. नक्कल रोखण्यासाठी कंपन्यांनी स्वतःची लोडिंग पद्धत वापरली असेल, तेव्हा मूळ कॅसेटशी इमान राखणारी प्रत टीझेडएक्समध्येच मिळू शकते.

खेळून पाहणाऱ्यांसाठी एवढेच सांगावेसे वाटते, की इम्युलेटरचा वेग मूळचा, म्हणजे सेकंदाला पन्नास चित्रांचा ठेवावा, साठच्या मोडमुळे उडीचा अंदाज चुकतो. जतन करून मागे जाण्याची सोय सुरुवातीला बंदच ठेवावी, कारण गोळ्यांचा साठा सांभाळण्यातील सारा ताण तिच्यामुळे निघून जातो. आणि पहिली लेव्हल एकदा तरी चिलखताशिवाय पार करून पाहावी. सुरुंग कुठे पेरले आहेत, हे तेव्हाच पाठ होते.