उधाण, भांग आणि आमचे रंगाचे हात

गोव्यात कुंभारजुवे कालव्याकाठी आम्ही बार्ज, म्हणजे सपाट तळाच्या मालवाहू बोटी, वर ओढून रंगवतो. बार्ज वर ओढायची ती उधाणालाच. अमावास्या किंवा पौर्णिमा, मागेपुढे दोन दिवस. भांगाच्या, म्हणजे कमी भरतीच्या दिवसांत स्लिपवेच्या (पाण्यात उतरणाऱ्या उताराच्या) ट्रॉलीवर पुरेसं पाणी चढत नाही, मग मालकाने कितीही फोन केले तरी उपयोग नसतो. माझे वडील वेंगुर्ल्याचे. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते, चतुर्थीला तीन वाजता, हे गणित त्यांनी मला पाढ्यांबरोबरच शिकवलं. कुंभारजुवे कालव्यात पाणी आत शिरायला थोडा वेळ घेतं, तेवढा उशीर आम्ही धरतो. आता भरतीचे आकडे मोबाईलवर मिळतात. तरी मी आधी तिथीच बघतो.

हा कालवा मांडवी आणि झुआरी या नद्यांना जोडतो. पावसाळ्यात आग्वादच्या तोंडाशी वाळूचा दांडा आणि लाटा यामुळे मांडवीतून बाहेर पडणं धोक्याचं होतं, तेव्हा खनिजाच्या बार्ज याच कालव्याने झुआरीत उतरून मुरगाव बंदराला जायच्या. २०१६ च्या कायद्याने त्याला राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक २७ असं भारदस्त नाव मिळालं. पर्यटक इथे मगरी बघायला येतात. आम्ही मगरींना बघत नाही, पण त्या आम्हाला बघतात, म्हणून स्लिपवेच्या पायथ्याशी एकट्याने उतरायचं नाही हा आमचा पहिला नियम. पलीकडे दुर्भाटला पौष अमावास्येला मातीची मगर करून पुजतात. त्याच उधाणाला कधी आमची बार्ज वर येते. त्या दिवशी आमची मुलंही लांबूनच हात जोडतात.

रंगाच्या धंद्यात माणसाला मुळात इथलं पाणी कळायला हवं. मे महिन्यात ते चांगलं खारट असतं आणि जुलैत जवळजवळ गोडं. खाऱ्या पाण्यात तळाला शिंपले, बार्नॅकल, कालवं चिकटतात. कालव्यात कालवं, हा विनोद आमच्याकडे प्रत्येक नवा माणूस एकदा करतो. पावसाच्या पाण्याने त्यातली बरीच मरतात, पण कवचं तशीच राहतात आणि त्यांच्याखाली पत्र्याला खड्डे पडत जातात. तळाला गंजापासून वाचवायला जस्ताच्या प्लेटा लावतात. त्या आधी झिजतात म्हणून पोलाद टिकतं. पण गोड्या पाण्यात जस्तावर थर बसतो आणि ते काम करेनासं होतं. इथे ॲल्युमिनियमच्या प्लेटा बऱ्या, हे आम्हाला बऱ्याच उशिरा उमगलं. एका नव्या मुलाने एकदा या प्लेटाही मन लावून रंगवल्या होत्या. काम इतकं सुबक होतं की रागावायचं जिवावर आलं. रंग चढला की प्लेट मेली, हे त्याला खरवडताना समजलं.

सुरुवात २००४ ची. एक जुना कॉम्प्रेसर, मी आणि दोन जण. चीन खनिज घेत सुटला होता, नदीत बार्ज एकीमागे एक. कामाला तोटा नव्हता, अक्कल मात्र बेताचीच होती.

या धंद्याची खरी गोची अशी, की जून ते सप्टेंबर खाणींत पाणी भरतं, बार्ज रिकाम्या होतात, आणि मालक दुरुस्तीला तेव्हाच पाठवतो. म्हणजे वर्षातले सगळ्यात ओले चार महिने हाच आमचा रंगाचा हंगाम! २००७ च्या जुलैत एक मोठी बार्ज आली. ब्लास्टिंग, म्हणजे दाबाच्या हवेने कण मारून पत्रा साफ करणं, संध्याकाळी संपलं. रात्रभर पाऊस. सकाळी उघाडी मिळाली, पत्रा हाताला कोरडा वाटला, आणि आम्ही प्रायमर मारला. मालकाला मी म्हटलं, "पात्रांव (मालक), दिवाळीपर्यंत बघायला नको." दिवाळीच्या आधीच तांडेलाचा, म्हणजे बार्ज चालवणाऱ्याचा निरोप आला. जाऊन पाहिलं तर रंग फणसाच्या साठासारखा सुटत होता. टोकाला धरून ओढला की हातभर निघे. पुन्हा वर ओढणं, पुन्हा ब्लास्टिंग, रंग, सगळं आमच्या खिशातून. ते फेडायला दोन पावसाळे गेले.

चूक साधी होती. पहाटे पत्र्याला घाम येतो, डोळ्याला दिसत नाही इतका. पोलादाचं तापमान दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी होतं त्यापेक्षा) किमान तीन अंशांनी जास्त हवं आणि हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या आत हवी, नाहीतर डबा उघडायचाच नाही. आम्ही भिंगरीसारखा गरगर फिरवायचा आर्द्रतामापक घेतला, मग शेड घातली, आणि तिन्ही बाजूंनी ताडपत्री. तरीही दिवसच्या दिवस माणसं बसून राहतात. त्यांची मजुरी आम्ही दरातच धरतो, म्हणून आमचा दर जास्त दिसतो.

बाकी रीत थोडक्यात. आधी गोड्या पाण्याच्या दाबाने मीठ धुऊन काढायचं; मीठ राहिलं तर रंगाखाली फोड येतात. मग कॉपर स्लॅगने ब्लास्टिंग. पूर्वी वाळू वापरत. तिच्या धुळीने फुप्फुसं जातात, ती आम्ही पहिल्या काही वर्षांतच बंद केली. पत्रा एसए अडीच दर्जाचा, म्हणजे गंज जवळजवळ पूर्ण गेलेला, राखाडी आणि बोटाला किंचित खरखरीत लागला पाहिजे. वेल्डिंगच्या शिवणी आणि कडा आधी ब्रशने भरायच्या, कारण स्प्रे तिथे पातळ बसतो. त्यानंतर इपॉक्सी या दोन घटक मिसळून करायच्या रंगाचे हात, आणि ओला थर दातेरी कंगव्याने मोजायचा. शेवटी शिंपले रोखणारा तांबेयुक्त रंग. हाताला हातमोजे हवेतच. इपॉक्सीची ॲलर्जी एकदा जडली की त्या माणसाचा हा धंदा सुटतो.

२०१२ मध्ये खाणी थांबल्या. आमच्याकडे तेव्हा बावीस माणसं होती, वर्षाच्या आत पाच उरली. नांगरून ठेवलेल्या बार्जकडे कोण बघणार? वॉटरलाइनवरचा पत्रा पापुद्रे धरायचा. ज्यांना आम्ही तीनतीनदा रंगवलं, त्या भंगारात कापताना पाहिल्या. आम्ही मच्छीमारांचे पोलादी ट्रॉलर घेतले, पाण्याच्या टाक्या घेतल्या, एका कारखान्याचे जिनेसुद्धा रंगवले. खाणी पुन्हा सुरू होतायत म्हणेपर्यंत २०१८ चा मार्च आला आणि परत सगळं बंद. दुसऱ्या वेळी मात्र आम्ही घाबरलो नाही, कारण एव्हाना निम्मं उत्पन्न बार्जबाहेरचं होतं.

आता आम्ही अकरा जण आहोत. झारखंड आणि ओडिशाची चार मुलं दहा वर्षांपासून टिकून आहेत. मुलगी हिशोब आणि गेजिंगचे रिपोर्ट बघते. अल्ट्रासोनिक यंत्राने जाडी मोजून तिने आठ मिमीचा पत्रा कुठे पाचवर आलाय ते लाल खडूने आखलं की मी त्यावर रंग मारत नाही, आधी प्लेट बदलायला सांगतो. यावरून दोन जुनी गिऱ्हाईकं तुटली.

फोनवर दर विचारणाऱ्यांना आम्ही अंदाजही सांगत नाही. बार्ज वर ओढून तळ धुतल्यावर बोलू. तारीख मात्र निदान पंधरा दिवस आधी कळवा, आणि कळवताना ती उधाणाची आहे ना, एवढं बघून घ्या.