तुम्ही विचारलंत म्हणून: गाड्या सारख्याच, सेकंद मात्र वेगळे

"आत्या, इंजिन सारखं, वजन सारखं, किंमतसुद्धा दोन-चार लाख इकडेतिकडे. मग ती गाडी शून्यापासून ताशी शंभरला साडेपाच सेकंदांत जाते आणि माझी सहा घेते, असं कसं? माझ्या गाडीत फॉल्ट आहे का?"

हा प्रश्न माझ्या भाच्याचा. पण लग्नाच्या पंगतीत, सोसायटीच्या मीटिंगनंतर, अगदी लिफ्टमध्येसुद्धा लोक मला हेच विचारतात. गाड्यांच्या चाचण्या घेण्यात माझी बारा वर्षं गेली, त्यातली बरीचशी ड्रायव्हरच्या डाव्या हाताला मांडीवर लॅपटॉप सांभाळत. म्हणून एकदाच काय ते नीट सांगते.

आधी मीच उलट विचारते: घड्याळ सुरू कधी केलं?

हे ऐकून लोक हसतात. शून्य म्हणजे शून्य, त्यात काय विचारायचं! पण सगळी गोम तिथेच आहे. अमेरिकेत ड्रॅग स्ट्रिपवर, म्हणजे सरळ रेषेतल्या शर्यतीच्या पट्टीवर, गाडीचं पुढचं चाक प्रकाशाच्या एका बारीक झोतात उभं करतात. गाडी सुटते, चाक पुढे सरकतं, आणि ते झोतातून बाहेर पडलं की मगच घड्याळ चालू होतं. तोवर गाडी साधारण एक फूट पुढे गेलेली असते. आता 'कार अँड ड्रायव्हर' किंवा 'मोटरट्रेंड'सारखी मासिकं उपग्रहावरून वेग मोजतात, झोताची गरज उरलेली नाही, तरी जुन्या शिरस्त्याने तो पहिला फूट वजा करतात. एक फूट म्हणजे किती, असं भाच्याने नाक उडवून विचारलं, तेव्हा मी दुधाच्या बिलामागे हिशोब करून दाखवला. चांगली उठणारी गाडी एवढं अंतर पाव सेकंदात कापते आणि तेव्हा तिचा वेग ताशी आठ-नऊ किलोमीटर झालेला असतो. म्हणजे 'शून्य ते साठ' म्हणून छापलेली ती धाव खरं तर चालत्या गाडीची.

आणि ते साठ मैलांचे. साठ मैल म्हणजे ९६.५६ किलोमीटर, आपल्या शंभराला अजून साडेतीन किलोमीटर बाकी. साडेपाच-सहा सेकंदांच्या सेडानला तेवढ्याला दोन-अडीच दशांश सेकंद सहज लागतात, आणि नेमका तिथेच गिअर बदलला तर आणखी थोडे. पाव सेकंद इथे, पाव सेकंद तिथे. भाच्याने ज्या गाडीचा हेवा केला तिचा आकडा अमेरिकन मासिकातला होता, स्वतःचा होता युरोपीय ब्रोशरमधला. अर्धा सेकंद असा नुसत्या मोजणीतच मुरला. बोनेट उघडायचीही गरज पडली नाही.

कंपन्यांचेही स्वभाव असतात. टेस्लाने मॉडेल एस प्लेडचा १.९९ सेकंदांचा आकडा तो पहिला फूट वगळूनच दिला. २०२१ मध्ये मोटरट्रेंडला तीच गाडी ड्रॅगसाठी चिकट लेप दिलेल्या पट्टीवर १.९८ ला गेली, साध्या डांबरावर २.०७ ला. गाडी एकच, जमीन वेगळी. पोर्शे याच्या उलट, हातचं राखून सांगणारी म्हणून ओळखली जाते. तिच्या ९११ कॅरेराच्या ९९२ पिढीला ब्रोशरमध्येच दोन आकडे होते: ४.२ सेकंद, आणि स्पोर्ट क्रोनो नावाचं जादा पॅकेज घेतलं तर ४.०. दोन मित्र 'माझी तीच गाडी' म्हणून भांडतात तेव्हा हे कुणी बघत नाही.

आता खरी कारणं. टायर सगळ्यात मोठं, कारण तिथून खाली काही नाही. ताकद कितीही असो, रबर घसरलं की ती धुरात जाते. लाँच कंट्रोल, म्हणजे चाकं न घसरवता गाडी जोरात सोडणारी सोय, सगळ्यांना जमत नाही, आणि चारही चाकं ओढणारी गाडी ओल्या रस्त्यावर मागच्या दोन चाकांवाल्या जोडीदाराला सोडून जाते. वजनाचा घोळ कागदावरच असतो: युरोपच्या नियमातल्या वजनात ७५ किलोचा ड्रायव्हर धरलेला असतो, जर्मनांच्या जुन्या डीआयएन पद्धतीत तो नसतो. तेव्हा 'वजन सारखं' हे आधी तपासायला हवं. काचेचं छत, मागच्या मसाजच्या सीट, वीस इंची चाकं, ही सगळी ऐटीची ओझी.

हवाही आहेच. टर्बो (हवा दाबून आत भरणारा पंखा) नसलेलं इंजिन दर शंभर मीटर उंचीला साधारण एक टक्का ताकद गमावतं, म्हणजे मुंबईहून पुण्याला येताना पाच टक्के घाटातच राहिले. टर्बोवाल्यांना उंचीचं फारसं वाटत नाही, पण उन्हाचं वाटतं. मे महिन्यातल्या दुपारी आम्ही लागोपाठ धावा घेतल्या की पहिली छान, दुसरी बरी आणि चौथीला आत जाणारी हवाच तापलेली. विजेच्या गाडीत बॅटरी ९० टक्के आहे की ३०, यावर तर सगळंच.

माझी फजितीही सांगते. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी एका गाडीचा इतका सुंदर आकडा आणला की साहेबांनी चहा मागवला. मग त्यांनी शांतपणे विचारलं, "परतीची धाव?" ती घेतलीच नव्हती. रस्ता डोळ्यांना सपाट होता, पण उतार होता एक टक्का. ऐंशी मीटरच्या धावेत ऐंशी सेंटिमीटर खाली उतरलो की एक दशांश सेकंद फुकट मिळतो. तेव्हापासून दोन्ही दिशांना धावायचं आणि सरासरी काढायची. वाराही तसाच कटतो.

भाच्याकडे मात्र 'पुरावा' होता: स्पीडोमीटरचा व्हिडिओ, शंभरला ५.७. स्पीडोमीटरने खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवायचंच नाही, जास्त दाखवलं तर थोडं चालतं, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. त्यामुळे बहुतेक काटे पुढेच पळतात. मग एका क्लबने भाड्याने घेतलेल्या धावपट्टीवर मी माझं जीपीएसचं यंत्र काचेला चिकटवलं. काट्याने शंभर दाखवले तेव्हा यंत्रावर ९५ होते. खऱ्या शंभराला, दोन्ही दिशांची सरासरी, ६.२.

त्याने यंत्राकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "आत्या, तू बसली होतीस ना गाडीत!"

साठ किलो. तेही मोजायला हवेतच.