मागे कारचा टायर, पुढे 318 वळणं

अमेरिकेतल्या शार्लटहून निघताना बायकोने हेल्मेटची काच वर करून एकच विचारलं, "वळेल ना रे हे?" वळतं, म्हटलं. तोवर मी मोटरसायकलला मागे कारचा नवा टायर घालून फक्त हायवेवर हजारभर किलोमीटर फिरलो होतो, आणि हायवेला वळणं असतात कुठे!

माझी गोल्डविंग, म्हणजे होंडाची लांबच्या प्रवासाची जाडजूड मोटरसायकल, 2010 ची, 1832 सीसीची. रिकामी गाडीच चारशे किलोच्या वर, त्यात आम्ही दोघं आणि तीन डिक्क्या भरून सामान. मोटरसायकलचा मागचा टायर मला बारा-तेरा हजार किलोमीटरच्या पुढे कधी गेला नाही. मधला पट्टा टक्कल पडल्यासारखा आणि कडा कोऱ्या करकरीत. त्यामुळे अमेरिकेत गोल्डविंगवाले बरेच जण मागे सरळ कारचा टायर चढवतात. त्याला इथे 'डार्कसाइडला जाणं' म्हणतात. साताऱ्याला मामाचं टायरचं दुकान होतं. त्याला फोनवर सांगितलं तर म्हणाला, "गाढवा, बैलाला घोड्याचा नाल ठोकलास की रे!"

मामाचं अगदीच चूक नाही. मूळ टायर 180/60-16 मापाचा, मी घातला 195/55-16 रनफ्लॅट, म्हणजे हवा गेली तरी चपटा न होणारा. हिशेब केला तर दोन्हींच्या व्यासात दीड मिलिमीटरचा फरक, म्हणजे स्पीडोमीटर बिघडत नाही. भार पेलायची ताकद 375 वरून 545 किलोवर जाते. पण रिम पाच इंची, आणि या टायरला किमान साडेपाच इंची लागतो. शिवाय मोटरसायकलच्या रिमची कड आणि कारच्या टायरची कड एकमेकांसाठी केलेली नाहीत. गाडी बनवणारा आणि टायर बनवणारा, दोघंही याला नाहीच म्हणतात. विम्यात उद्या काय फाटे फुटतील ते ज्याचं त्याने बघावं; मी आधी बघितलं.

दोन दुकानांनी हात लावायलाच नकार दिला. तिसरा म्हणाला, नुसतं चाक आण. गोल्डविंगचं मागचं चाक धरणारा हात (स्विंगआर्म) एकाच बाजूला असतो, पाच नट काढले की कारसारखं चाक हातात येतं. खरी गंमत टायरची कड रिमवर बसवताना. साबणाचं पाणी चोपडून हवा भरली. एक बाजू 'टप्प' करून बसली, दुसरी अडून. टायरवरच छापलेलं असतं की कड बसवताना 40 पीएसआयच्या (हवेच्या दाबाचं माप) वर जाऊ नका. पुष्कळ जण इथेच मोह करून हवा वाढवतात, आणि फुटला तर टायर हात घेऊन जातो. आमच्या माणसाने हवा सोडली, कड खाली ढकलली, पुन्हा साबण लावला. तिसऱ्या खेपेला बसली. घाईतला माणूस असेल तर चाक उचलून घरी या.

पहिला दिवस ॲशव्हिलपासून ब्लू रिज पार्कवे, डोंगरमाथ्यावरून जाणारा निसर्गरम्य रस्ता. ताशी 45 मैलांची मर्यादा, ट्रक नाहीत, रुंद लांबलचक वळणं. या टायरला हे मानवतं, फक्त जमवून घ्यावं लागतं. गोल टायर आपणहून कलतो. चपटा टायर सरळ उभं राहायला बघतो. म्हणून वळण संपेपर्यंत आतल्या बाजूचं हँडल दाबून धरावं लागतं, सोडलं की गाडी उठते. दुपारपर्यंत ते अंगवळणी पडलं. रिचलंड बाल्समला, 6053 फुटांवर, पार्कवेच्या सर्वांत उंच जागी थांबलो आणि तिथेच फजिती झाली. पार्किंगला उतार होता. चालण्याच्या वेगात चपटा टायर जमिनीच्या उताराप्रमाणे कलतो, आपल्या मनाप्रमाणे नाही. गाडी डावीकडे गेली, माझा पाय खडीवर सरकला. बायकोने मागच्या मागे उडी मारली म्हणून सावरलं. तेव्हापासून उतारावर आधी ती उतरते, मग मी गाडी लावतो.

पेट्रोल पार्कवेवर मिळत नाही, खाली गावात उतरावं लागतं. पार्कवे संपतो त्या चेरोकीला पोचलात की लगेच भरा.

दुसऱ्या दिवशी रॉबिन्सव्हिलहून पहाटेच निघालो, कारण टेल ऑफ द ड्रॅगन या वळणांच्या प्रसिद्ध रस्त्यावर शनिवार-रविवारी मोटरसायकलवाल्यांची जत्रा असते. 11 मैल, 318 वळणं, मर्यादा 30 मैल. तो सुरू होतो त्या डील्स गॅपला एक झाड आहे, 'ट्री ऑफ शेम', म्हणजे लाजेचं झाड. पडलेल्या गाड्यांचे तुकडे त्यावर टांगलेले: आरसे, फेअरिंग, सायलेन्सर. बायकोने त्याचा फोटो काढला आणि काही बोलली नाही.

डावं-उजवं, डावं-उजवं. प्रत्येक वळणाला गाडी कलवायची, लगेच उचलून दुसरीकडे कलवायची. पाचव्या-सहाव्या मैलाला माझी मनगटं भरून आली. मागून येणाऱ्या हलक्या गाड्यांना तीनदा बाजूला होऊन वाट दिली. टायर कुठेच सुटला नाही, त्याबद्दल तक्रार नाही. पण मजा आली का विचाराल तर अर्धीच. पलीकडे उतरून मागे वाकून बघितलं. नव्या टायरला रबराचे बारीक केस असतात ना, ते दोन्ही कडांवरून साफ गेले होते. म्हणजे आपण अगदी कडेपर्यंत गेलो होतो.

परतताना टेलिको प्लेन्सवरून चेरोहाला स्कायवे हा दुसरा डोंगरी रस्ता घेतला. मध्ये पंप नाही, टाकी भरूनच चढा. वर पाऊस लागला, आणि तिथे मात्र या टायरने पैसे फेडले. खोल खाचांतून पाणी निघून जात होतं, मागचं चाक दगडासारखं स्थिर.

हवेचं म्हणाल तर 40 पीएसआयवर फळीवर बसल्यासारखं वाटलं, 30 वर वळणात मऊ. दोघांना 34 जमली. रोज सकाळी थंड टायरवर मोजा. रनफ्लॅटची हवा गेली तर डोळ्यांना दिसत नाही. चाकोऱ्या पडलेल्या रस्त्यावर गाडी थोडी भरकटते, हँडल घट्ट आवळू नका.

ज्यांचा जीव वळणांत आहे त्यांनी हा उद्योग करू नये. माझे वर्षाचे बहुतेक किलोमीटर सरळ इंटरस्टेटवर जातात, म्हणून मला परवडतं. आणि पुण्या-मुंबईच्या मित्रांनो, बुलेटच्या अरुंद 18 इंची चाकाला बसेल असा कारचा टायर मिळतच नाही, तेव्हा मेकॅनिकचं डोकं खाऊ नका.

घरी आल्यावर पुढचं चाक बघितलं. तिथे अजून मोटरसायकलचाच टायर आहे, आणि तो आता बदलायला आलाय.