नळीतला जांभळा धागा : पाचवा रविवार

मंडळी, आज धागा तुटला नाही! धागा म्हणजे पिंपातून काचेच्या नळीत वाहणाऱ्या पाण्यात सुईने सोडलेली रंगाची बारीक रेघ; पाणी शांत वाहिलं तर ती सरळ राहते, खळबळलं तर विस्कटते. लिटरचं माप ४० सेकंदांत भरत होतं, तरी १० मिमीच्या काचेच्या नळीत रंगाची रेघ टोकापर्यंत सरळ. हिशोब केला तर रेनॉल्ड्स अंक (पाण्याचा वेग गुणिले नळीचा व्यास, भागिले पाण्याचा चिकटपणा; जितका मोठा, तितकी खळबळ व्हायची शक्यता जास्त) जवळपास ४०००. गेल्या रविवारी लिटरला ७५ सेकंद लागत असतानाच, म्हणजे २१००च्या आसपास, ती विस्कटत होती.

नळी तीच, पिंप तेच. फक्त नळीच्या तोंडाला आतून नरसाळं बसवलं आणि शनिवारी रात्री भरलेलं पिंप सकाळपर्यंत कुणाला हलवू दिलं नाही. हा अंक ज्यांच्या नावाचा, त्या ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनीही १८८३ साली मँचेस्टरमध्ये नळीला कर्ण्यासारखं तोंड लावलं होतं, पाणी तासन्‌तास निवांत ठेवलं होतं आणि १३,०००च्या घरापर्यंत मजल मारली होती. भरताना उठलेले बारीक भोवरे पिंपात किती वेळ जिवंत राहतात, ते आज पटलं.

साडेसातला विहिरीवरची मोटर लागली. पडवीची फरशी किंचित थरथरली आणि रेघ गेलीच. "बाबा, दहा मिनिटं थांबा हो!" मोटर बंद झाली, रेघ पुन्हा जुळली.

नंतर नरसाळं काढून लिटरला ७० सेकंदांवर तोटी स्थिर केली. यातली गंमत वेगळीच. सरळ चाललेल्या रेघेत मध्येच वीतभर लांबीचा गुलाबी गोंधळ उठतो, तसाच पुढे वाहत जातो आणि त्याच्या मागे रेघ परत सुतासारखी सरळ! म्हणजे शांत आणि खळबळतं पाणी एकाच नळीत एकामागोमाग. असे गोळे एकतर विरतात किंवा दुभंगून वाढतात. दोन्हींचा तोल रेनॉल्ड्स अंक साधारण २०४० असताना साधतो, हे २०११ साली प्रयोगांतून दाखवलं गेलं. तासभर मी नुसता बघत बसलो होतो.

रंगाविषयी : कोकमाचं आगळ वापरू नका. मिठामुळे जड होतं, नळीच्या तळाशी बसतं. विहिरीत टाकायच्या पोटॅशियम परमँगनेटचं अगदी पातळ पाणी, सलाइनच्या नळीची चकती आणि बारीक सुई, एवढं पुरतं.

आणि पाण्याचं तापमान मोजाच. आपल्या गुहागरचं ३० अंशांचं पाणी २० अंशांच्या पाण्यापेक्षा पातळ वाहतं. त्याच वेगाला अंक पावपट जास्त येतो.

पुढच्या रविवारी सगळा मांडव मागीलदारच्या जांभ्याच्या चौथऱ्यावर हलवतोय, मोटरीपासून लांब.